वीतभराच्या आतले रंग

‘पाली’ हा शब्द ऐकला की अभ्यासकांना त्रिपिटकाची भाषा आठवते, यात्रेकरूंना रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराचे गाव आठवते. राजगडाच्या पायथ्याशी वसलेले आणि गडाच्या एका दरवाजाला आपले नाव देणारे आपले पाली त्यानंतर केव्हातरी आठवते. आम्ही तिघे याच परिसरात वाढलो, आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहिलो आणि पुढे चित्रकलेच्या मार्गाने गेलो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने काही लिहावयास सांगितले, तेव्हा शाळेच्या सर्वसाधारण आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच हे गृहीत धरून आम्ही एकच विषय निवडला, तो म्हणजे रंग. ते आम्हाला कोठे सापडले, कसे सापडले आणि त्यांच्या शोधात कोणता प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वसतिगृहात असताना आम्ही प्रत्येकाने असंख्य वेळा एकच चित्र काढले. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा अर्धा सूर्य, नागमोडी नदी, काठावर एक झोपडी आणि वर तीन-चार पक्षी. महाराष्ट्रातील बहुतेक मुले हे चित्र काढतात. आमच्या बाबतीत विशेष एवढेच की, समोर साक्षात राजगड उभा असे. सकाळी तो निळसर करडा दिसे, दुपारी तपकिरी, आणि पावसाळ्यात ढग उघडल्यावर असा काही हिरवा होई की त्या हिरव्याला नाव देता येत नसे. कागदावरचा डोंगर मात्र बारा खडूंच्या पेटीतील एकाच हिरव्या खडूचा असे. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव झाला आणि हाताला वळण लागले. त्या वळणाबद्दल आम्ही शाळेचे आणि चित्रकलेच्या सरांचे कायमचे ऋणी आहोत. डोळ्याचे शिक्षण मात्र अजून व्हावयाचे होते.

शहरातील कलामहाविद्यालयात गेल्यावर जगभरच्या चित्रकारांची चित्रे पुस्तकांतून पाहावयास मिळाली आणि मनात असे बसले की, चित्राचा विषय नेहमी दूर कोठेतरी असतो. आमच्या घरांत काय होते? पत्रा, ट्रंक, चूल, पाटा-वरवंटा आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. आमच्यासारख्या वस्त्यांची जी छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येत, ती बहुधा रस्त्यावरून टिपलेली असत. त्यांत माणसे लहान आणि धूळ मोठी दिसे. पाहणाऱ्याला कणव यावी, यापलीकडे त्यांत काही नसे. ते अंतर आमच्याही डोळ्यांच्या सवयीचे झाले होते. त्या काळातील आमची चित्रे रेषेने नेटकी आणि रंगाने कोरडी होती. परीक्षक रेषेचे कौतुक करीत आणि रंगाविषयी गप्प राहत.

हे अंतर मोडले ते एका जुन्या कॅमेऱ्याने. तिघांनी मिळून तो विकत घेतला. जवळून टिपण्याची खास लेन्स महाग असते, म्हणून छायाचित्रकारांमध्ये चालत आलेला एक साधा उपाय आम्ही केला. ॲपर्चरची कडी असलेली पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स एका धातूच्या कडीच्या आधाराने कॅमेऱ्यावर उलटी बसवली. लेन्स उलटी झाली की तिचे काम पालटते; दूरचे दिसेनासे होते आणि वीतभराच्या आतले प्रचंड मोठे दिसू लागते. त्याची किंमतही मोजावी लागते. स्पष्ट दिसणारी खोली ज्वारीच्या दाण्याइतकीही उरत नाही. वाऱ्याची झुळूक आली, की विषय निसटतो. अशा वेळी कडी फिरवून काही साधत नाही; आपणच किंचित पुढे-मागे व्हावे लागते आणि दोन श्वासांमधल्या विरामात कळ दाबावी लागते. सकाळच्या आनापानाच्या तासाला श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा जो सराव वसतिगृहात झाला होता, तो असा कामी येईल हे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

पहिले चांगले छायाचित्र मिळाले ते ट्रंकेचे. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ट्रंक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. आमच्यापैकी एकाची ट्रंक त्याच्या थोरल्या भावाची होती आणि त्याआधी चुलत्यांची. प्रत्येकाने आपल्या वेळी तिला नवा रंग दिला आणि झाकणावर आपले नाव घातले. कडी-कोयंड्यापाशी, जेथे हात सर्वाधिक लागतो, तेथे हे थर झिजून उघडे पडले होते. वर निळा, त्याखाली गर्द हिरवा, त्याखाली तांबडा प्रायमर आणि तळाशी गंजाचा नारिंगी. त्या झिजेच्या कडेला निळ्याखालून एका जुन्या अक्षराचा काना वर आला होता. एका घरातील तीन जणांचे शिक्षण नखाएवढ्या जागेत रंगांच्या थरांनी लिहिलेले होते. त्या एका छायाचित्रावरून आम्ही चौदा छटा मिसळून काढल्या. बाजारातील कोणत्याही रंगपेटीत त्या तशा मिळाल्या नसत्या.

ट्रंकेचा रंग म्हणजे एनॅमल. दारे, खिडक्या, पाट्या रंगवण्याचा, हार्डवेअरच्या दुकानात डब्याने मिळणारा. तो कलेच्या कामाचा नव्हे, असा समज असतो. पण रायगड जिल्ह्यातील नागाव येथे 1936 साली जन्मलेले थोर चित्रकार प्रभाकर बरवे यांनी आपले कितीतरी कॅनव्हास याच एनॅमलने रंगवले. सर ज. जी. कलामहाविद्यालयात शिकलेल्या आणि वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये दीर्घकाळ नोकरी केलेल्या बरव्यांच्या चित्रांत पान, शंख, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू येतात आणि त्यांच्याकडे पाहता पाहता त्या पहिल्यांदाच भेटल्यासारख्या वाटतात. 1990 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे, अशी आमची सूचना आहे. मराठीत चित्राविषयी इतक्या शांतपणे विचार करणारी पुस्तके थोडी आहेत.

ट्रंकेनंतर आमची भीड चेपली. स्वयंपाकघरात मसाल्यासाठी आणलेले दगडफूल आम्ही लेन्सखाली धरले. वरून राखाडी, खालून कोळशासारखे काळे आणि कडांना कोवळ्या हिरव्याची झाक. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. एक आसरा देते, दुसरे अन्न तयार करते. याच जातकुळीचे ठिपके पाली दरवाजाकडे चढताना कातळावर जागोजागी दिसतात. गडाच्या भिंतीवर ज्याकडे आपण इतिहासाच्या ओघात लक्ष देत नाही, तेच आपल्या आमटीत असते.

भाताचेही तसेच. राब भाजल्यावरची काळी राख, तिच्यातून उठलेला पोपटी तरवा आणि कापणीचे सोनेरी शेत हे रंग या भागातील प्रत्येकाला पाठ आहेत. पण भाताचे फूल किती जणांनी पाहिले असेल? भात निसवल्यावर, दुपार होण्याआधी, लोंबीतील एकेक फूल साधारण तासाभरापुरते उघडते. आत सहा फिकट पिवळे पुंकेसर आणि पिसासारखे दोन नाजूक कुंचले असतात. मग तूस मिटते ते कायमचे, आणि आत दाणा भरू लागतो. आमच्या आयांनी आयुष्यभर भात लावला, बेणला, कापला. त्यांना ते छायाचित्र दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ही जवळची दृष्टी आमची एकट्याची नाही, हे पुढे वाचनातून कळले. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होऊन गेले. विद्यार्थ्यांना आकार शिकवता यावेत म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी रस्त्याकडेच्या साध्या रानटी झाडांचे कोंब, कळ्या, देठ कित्येक पटींनी मोठे करून टिपले. तीसहून अधिक वर्षे हे काम वर्गापुरतेच राहिले. 1928 साली पुस्तकरूपाने आले तेव्हा ते साठीच्या पुढे होते. ज्या झाडांना लोक तण म्हणून उपटून टाकतात, त्यांत त्यांना कमानी, स्तंभ आणि लोखंडी जाळ्यांची नक्षी दिसली. त्यांची छायाचित्रे कृष्णधवल होती. रंगाचा धडा मात्र आम्हाला आपल्याच राज्यात मिळाला.

तो अजिंठ्यात मिळाला. तेथील लेण्यांच्या भिंतींवरचा गिलावा मातीचा आहे आणि तो धरून राहावा म्हणून त्यात वनस्पतींचे तंतू आणि भाताचे तूस मिसळलेले आहे. त्यावरील तांबडा आणि पिवळा हे मातीचे रंग आहेत, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा. हिरवा रंग एका हिरवट खनिजाचा, जे दख्खनच्या काळ्या दगडातील पोकळ्यांना आतून अस्तरासारखे चिकटलेले असते. अजिंठ्याचा डोंगर आणि राजगडाचा डोंगर हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच लाव्हाच्या उद्रेकमालिकेतून घडले. म्हणजे भिक्खूंच्या निवासांच्या भिंती ज्यांनी रंगवल्या, त्या अनाम चित्रकारांची रंगपेटी बहुतांशी पायाखाली होती. फक्त एक रंग दूरवरून आला. लाजवर्दाचा गडद निळा आजच्या अफगाणिस्तानातील खाणींतून आणलेला आहे. आणि निळ्याचीच गंमत अशी की, ओढ्याकाठी सापडलेले खंड्याचे पीस आम्ही टिपले, तेव्हा समजले की त्यात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश असा परततो की डोळ्याला निळा दिसतो. जो रंग आणावयास काफिले लागले, तो पाखराने नुसत्या रचनेतून उभा केला!

येथवरचे सगळे आनंदाचे आहे. आता त्या प्रश्नाकडे वळतो. आमच्यापैकी एकाच्या घराच्या छपरावरील गंजलेल्या पत्र्याचे छायाचित्र फार सुंदर आले. नारिंगी, जांभळा, राखी, मध्येच जुन्या जस्ताचा चंदेरी तुकडा. त्यावरून आम्ही एक मोठे चित्र रंगवले. त्याच्या आईने ते छायाचित्र हातात घेऊन नीट पाहिले आणि म्हटले, “पोरांनो, फोटूत ह्यो पत्रा लई ग्वाड दिसतोय खरा. पर पावसाळ्यात ह्याच्यातनंच पानी गळतंय, त्ये न्हाई दिसत.”

या वाक्यावर आम्ही महिनोन् महिने बोलत राहिलो. जवळून पाहिले की वस्तू तिच्या परिस्थितीपासून तुटते. पत्रा हा पत्रा राहत नाही, नुसता रंग होतो. दुरून टिपणाऱ्यांना आमचे घर केवळ गरिबी म्हणून दिसले. जवळून टिपताना ते केवळ सौंदर्य म्हणून दिसू लागले, तर त्या घरात राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडून वगळल्यासारखे होईल. दगडफुलाचा रंग घेताना कोणाचे काही जात नाही. गळक्या पत्र्याचा रंग घेताना कोणाच्या तरी भिजलेल्या रात्रींचा हिशेब त्यात असतो. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. ज्या वस्तूची झीज हे कोणाच्या अभावाचे चिन्ह असेल, तिचा रंग घ्यावयाचा तर त्या अभावाचा वाटाही आपण उचलावयाचा. ते चित्र विकले गेले तेव्हा त्या पैशांतून पहिला खर्च नव्या पत्र्यांचा झाला. नव्या पत्र्यावर टिपण्यासारखे अद्याप काहीही नाही, आणि आम्हाला त्याचे समाधान आहे.

आमची काम करण्याची रीत साधी आहे. छायाचित्राची आम्ही नक्कल करीत नाही. त्यातील छटा एकेक करून मिसळतो, कागदाच्या पट्टीवर लावून वाळवतो आणि मग छायाचित्र बाजूला ठेवतो. चित्र रंगवताना समोर फक्त ती पट्टी असते आणि मनात ती वस्तू ज्याची आहे तो माणूस. अलीकडे आमची चित्रे पाहणारे प्रथम रंगांविषयी विचारतात. ते रंग कोठले, याचे उत्तर देताना आम्ही पालीचे नाव घेतो.

शाळेत आज शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते की, यासाठी कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही. साधे भिंग पुरते. घरातील मोबाईलच्या लेन्सवर, वडीलधाऱ्यांच्या परवानगीने, पाण्याचा एक लहानसा थेंब अलगद ठेवला तरी तो भिंगाचे काम करतो. सकाळचे तिरपे ऊन निवडावे, सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरावा आणि घाई करू नये. पालकांनाही एक विनंती आहे. चित्रकलेच्या तासाने काय मिळणार, असे आपण विचारता तेव्हा तो प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. आमच्याही घरी तो विचारला गेला. या तासाला मूल आपल्या घरातील वस्तूंकडे लाज न बाळगता पाहावयास शिकते. पुढे ते डॉक्टर झाले, शिक्षक झाले किंवा शेती करू लागले, तरी हे पाहणे त्याच्याबरोबर राहते.

शाळेची अनुमती असेल तर येत्या आश्विनात, भात फुलोऱ्यावर असताना, आम्ही तिघे दोन दिवस मुलांसोबत राहावयास येऊ. प्रत्येकाने आपल्या ट्रंकेतील एखादी जुनी वस्तू तेवढी काढून ठेवावी. रंगपेटी नसली तरी चालेल.