उताराला आडवं

अहमदपूरहून जळकोटकडे किंवा कंधारहून मुखेडकडे निघालं की बालाघाटाच्या रांगा लागतात. डोंगर फार उंच नाहीत, म्हणून तर ट्रॅक्टर सगळीकडे चढवला जातो. माथ्याला मुरमाड रान, ओढ्याकाठी काळी जमीन आणि मधला सगळा पट्टा उताराचा. याच पट्ट्यात मी भाड्यानं नांगरट, रोटा आणि सोयाबीनची पेरणी करतो.

मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ते खरंही आहे. आडव्या तासात पाणी थांबतं, मुरतं, माती वाहून जात नाही. रुंद वरंबा सरीचा फायदाही तेव्हाच मिळतो. पण हा सल्ला तिफण आणि बैलजोडीच्या काळापासूनचा आहे. बैल पाय रोवून आडवा चालतो. ट्रॅक्टर आडवा चालला की त्याचं वजन खालच्या चाकांवर कलतं. त्यात वरचं चाक धोंड्यावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं जुन्या सरीत उतरलं, तर डोळ्यांना साधा वाटणारा उतार एकदम दुप्पट होतो. जमिनीच्या भल्याचं काम आणि चालवणाऱ्याच्या जिवाचं काम इथं एकमेकांच्या विरोधात उभं राहतं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड कोडं हेच आहे, असं मला वाटतं.

म्हणून नवं रान आधी पायी फिरून बघावं. गवतात दडलेले धोंडे, घळी, ढासळलेले बांध सीटवर बसून दिसत नाहीत. उतार हलका असेल तर मी आडवंच पेरतो, पण मागच्या चाकांमधलं अंतर वाढवून घेतो, पेरणीयंत्र गरजेपुरतंच उचलतो, वळताना तोंड खालच्या बाजूला करतो आणि वेग कमी ठेवतो. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. उतार जास्त असेल तर ट्रॅक्टर आडवा घालतच नाही. मालक म्हणतात, "दादा, एवढाच तुकडा राहिलाय, मारून घ्या की." मी म्हणतो, "काका, या तुकड्याला बैल लावा." त्या तासाचं भाडं बुडतं, ते बुडू द्यावं.

भरलेली ट्रॉली घेऊन उतरायचं असेल तर गिअर माथ्यावरच टाकायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. निम्म्या उतारावर क्लच दाबला की इंजिनाचा आवर सुटतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तर मृत्यूलाच बोलावतात. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले दोन ब्रेक रस्त्याला लागण्याआधी खिटीनं जोडलेच पाहिजेत, नाहीतर एकच पायाखाली येतो आणि हेड, म्हणजे ट्रॅक्टर, गर्रकन फिरतं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती मागून हेडला ढकलते. उसाच्या हंगामात एका हेडमागं दोन ट्रॉल्या असतात, तेव्हा तो जोर किती असेल!

चढावरचा धोका वेगळा. साखळी हुकाऐवजी वर बांधली, किंवा चिखलात रुतलेली मागची चाकं जोर लावून पुढं काढायला गेलं, की तोंड उचलतं. मागं उलटायला दीडेक सेकंद पुरतो, तेवढ्यात उडी मारता येत नाही. रुतलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्येच काढावा. स्वीडननं 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर, उलटला तरी चालवणारा चिरडू नये म्हणून, संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू खूप घटले. आपल्याकडे उन्हासाठी बसवलेल्या पत्र्याच्या छताला लोक चौकट समजतात. ते छत कुणाला वाचवत नाही. खरी चौकट असेल तर सीटचा पट्टा बांधलाच पाहिजे, नसेल तर बांधू नये.

आणि हे सगळं फक्त डोंगरातच घडतं असं नाही. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्यानं भरलेल्या विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर महिला त्यात गेल्या. कामाला निघाल्या होत्या. ट्रॉलीत माणसं नेऊ नयेत असा कायदा आहे, पण सकाळी शेतावर पोचायला या बायांना दुसरं काय मिळतं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

म्हणून मालकांना विनंती आहे, मजुरीबरोबर रिक्षाचं भाडंही द्या आणि विहिरीला कठडा बांधा. आणि स्टेअरिंगवर बसणाऱ्या माझ्या भावांनो, ट्रॉलीत कुणी बसलंच असेल तर रस्त्यावरच थांबा. मावश्यांना तिथंच उतरवा, बांधापासून पुढं त्या चालत येतील.