तुळशीचा डावा पाय

माथेरानात वाढलेल्या मुलाला घोड्याचे फारसे कौतुक नसते. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना बंदी आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांचे घर चालते ते घोड्याच्या चार पायांवर. आमची तांबडी घोडी तुळशी मी शाळेत असल्यापासून आमच्याकडे आहे. माझी कॉलेजची फी तिनेच भरली असे आई म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

गेल्या मे महिन्यात, ऐन हंगामात, मी तिचा लगाम धरून एको पॉइंटच्या वाटेने निघालो होतो. पावलागणिक तिची मान किंचित वर उडत होती. मला ते दिसले. पण पाठीवर गिऱ्हाईक होते आणि मागे आणखी दोघे थांबले होते. 'खडा टोचला असेल,' अशी मी मनाची समजूत घातली आणि त्या दिवशी आणखी चार फेऱ्या मारल्या. बाबांना काहीच सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनीच ओळखले. त्यांनी तिला सपाट, कठीण जागेवर दुडक्या चालीने पळवले. "बघ, उजवा पाय टेकला की मान खाली, डावा टेकला की वर. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून डोकं उचलते बिचारी." घोड्याच्या वजनाचे शंभरातले साठेक भाग पुढच्या दोन पायांवर असतात, म्हणून लंगडणेही बहुधा पुढच्या पायाचेच असते.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चिमट्याने खूर दाबून पाहिला. खिळा रुतलेला नव्हता, पू नव्हता. टाचेकडचा भाग दाबला की मात्र ती पाय ओढून घेई. मग त्यांनी मला बाजूला उभे राहून पाहायला सांगितले. खुराच्या पुढच्या बाजूची रेघ आणि वरच्या आखूड हाडाची रेघ एकाच तिरक्या ओळीत हवी; तुळशीची ती ओळ मधेच मोडली होती. खूर पुढे लांबला होता, टाच दबली होती. हंगामात वेळ नाही आणि चार पैसेही वाचतात, म्हणून आम्ही नालबंदी दोन महिन्यांच्या वर लांबवली होती. खूर असा लांबला की पाऊल उचलताना दर वेळी पायामागच्या दोरीसारख्या शिरेला जादा ताण बसतो.

बाबांनी चाचरत विचारले, "डॉक्टरसाहेब, शनिवार-रविवारपुरतं इंजेक्शन देता येईल का?"

"दुखणं थांबेल, इजा थांबणार नाही. उलट त्याच पायावर ती जास्त भार टाकेल."

बाबा गप्प झाले. मी मात्र खाली पाहत राहिलो. इंजेक्शन न देताही मी तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी नालबंद चाचा आले. त्यांनी पाय गुडघ्यांत धरला, पुढची कड थोडी कापली, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते डोळा मिटून पाहिले, कानस फिरवली, आणि टाचेला आधार मिळेल अशा बेताने नाल किंचित मागे घेऊन ठोकला.

"चाचा, अजून काढा ना पुढचं," मी म्हणालो.

"बेटा, महिन्यांचं वाकडं एका दिवसात सरळ करायला गेलो तर घोडी उभी राहणार नाही. पाच हप्त्यांनी परत बोलव."

खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. वरच्या केसाळ कडेपासून जमिनीपर्यंत नवा खूर यायला जवळजवळ वर्ष लागते. फीची मुदत मात्र जूनमध्येच संपते! बाबांनी उरलेला हंगाम दुसऱ्यांचे घोडे हाकले, आणि माझी फी हप्त्यांनी भरली गेली. मी कॅलेंडरवर दर पाचव्या आठवड्याला खूण करू लागलो. पावसाळाभर तुळशीला विश्रांती होती.

दिवाळीच्या गर्दीत तिच्यावर पुन्हा खोगीर चढवले. चढाच्या वाटेवर गिऱ्हाईक मला झाडांची नावे विचारीत होते; माझी नजर तुळशीच्या मानेवरून हलत नव्हती. मान स्थिर होती.

त्या मे महिन्यातल्या चार फेऱ्यांविषयी बाबांना मी अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी गेला की ते वाचतील.