जिभाऊ, लोबेराला गद्दार म्हणू नका

देवपूर, धुळे

ती. जिभाऊंना साष्टांग नमस्कार,

यंदा कानबाईच्या रोटांना तुम्ही मडगावहून आलात आणि जेवणं झाल्यावर ओट्यावर जो वाद पेटला, तो तुम्ही परतीच्या गाडीत बसेपर्यंत विझला नाही. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा गद्दार की गोव्याच्या फुटबॉलचं भलं करणारा? एका बाजूला तुम्ही एकटे, दुसऱ्या बाजूला मुंबईची पोरं. मी गप्प होतो, कारण तुमच्यासमोर तोंड वर करून बोलायची आपल्या घरात रीत नाही. म्हणून हे पत्र.

तुमचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. नोकरीसाठी तुम्ही खानदेश सोडलात आणि मडगावात तुम्हाला फुटबॉलनं आपलं केलं. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ही नावं आम्ही लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकली. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली डेम्पोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, हे देवपुरात मला तुमच्यामुळे माहीत झालं. मग २०१६ साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं आणि तुमची सगळी माया नव्या लीगमधल्या एफसी गोवावर येऊन ठेपली. त्याआधी, २०१५ च्या डिसेंबरात, फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात झिकोच्या प्रशिक्षणाखालचा गोव्याचा संघ चेन्नईयनकडून ३-२ असा हरला होता. तुम्ही त्या रात्री जेवला नव्हतात, असं काकू अजून सांगतात.

अशा वेळी, २०१७ मध्ये, लोबेरा आला. बार्सिलोनाच्या मुशीत घडलेला, मोरोक्कोत काम करून आलेला. त्यानं गोव्याला काय दिलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. गोलरक्षकापासून चेंडू जमिनीवरून पुढे न्यायचा, घाबरून लांब भिरकवायचा नाही, दोन गोल खाल्ले तरी चालतील पण चार मारायचे. आघाडीच्या कोरोनं पहिल्या हंगामात १८ गोल केले, दुसऱ्यात १६, आणि दोन्ही वर्षी सर्वाधिक गोल त्याचेच. मंदार राव देसाई पुढे कडेनं धावणारा खेळाडू, त्याला लोबेरानं डाव्या बगलेचा बचावपटू केलं आणि त्याची कारकीर्दच बदलली. २०१९ च्या मार्चमध्ये अंधेरीत बंगळूरुविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत राहुल भेकेच्या एका गोलनं गेला, पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप आला. एफसी गोवाचा तो पहिला चषक. तो लोबेरानं दिला, जिभाऊ. रागाच्या भरात हे विसरायचं नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणता, तो सोडून गेला. तो गेला नाही, त्याला काढलं. २०२० चा जानेवारी संपत होता, संघ गुणतक्त्यात वर होता, साखळीचे तीनच सामने उरले होते, आणि क्लबनं त्याला निरोप दिला. तो आधीच मुंबईवाल्यांशी बोलत होता, अशी कुजबुज तेव्हा होती हे खरं. कुजबुजीवर मी माणसाची किंमत ठरवणार नाही. मुंबई सिटीनं त्याची नेमणूक जाहीर केली ती ऑक्टोबरात, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी. नोकरीवरून काढलेल्या माणसानं दुसरी नोकरी धरली तर त्याला गद्दार कसं म्हणायचं? तुम्ही स्वतः युनियनमध्ये काम केलेला माणूस. दुसऱ्या कुणाबद्दल तुम्ही असं बोलला नसतात.

खरं शल्य वेगळं आहे. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि आपला मंदार हे चौघेही मुंबईला गेले. करोनामुळे तो हंगाम पूर्ण गोव्यातच खेळला गेला, रिकाम्या स्टेडियममध्ये. घरापासून हाकेच्या अंतरावर तुमचीच माणसं निळ्या जर्सीत खेळत होती आणि तुम्हाला आत जायची परवानगी नव्हती. उपांत्य फेरीत मुंबईची गाठ गोव्याशी पडली. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि शेवटी पेनल्टींवर ६-५. गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सची पेनल्टी हुकली आणि मुंबईकडून निर्णायक पेनल्टी मारली ती रौलिन बोर्जेसनं. तोही गोव्याचाच पोरगा. नंतर १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर, शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला आणि मुंबईनं एटीके मोहन बागानला २-१ नं हरवलं. साखळीत अव्वल ठरणाऱ्याची शील्ड आणि चषक एकाच हंगामात घेणारा पहिला संघ मुंबईचा ठरला, आणि तो लोबेरानं तुमच्या अंगणात घडवला. हे किती लागलं असेल ते मी समजू शकतो.

असं दुःख जगात सगळीकडे आहे. २०१७ मध्ये मोरिन्यो मँचेस्टर युनायटेडला घेऊन चेल्सीच्या मैदानावर गेला, तेव्हा त्याच्याच जुन्या चाहत्यांनी त्याला जुडास म्हणून हिणवलं. त्यानं तीन बोटं वर केली. तीन लीग विजेतेपदं, तुम्हाला मीच दिलेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, चाहत्यांचा राग आणि ती तीन बोटंही.

पण मुंबईच्या पोरांचंही सगळं मला पटलं नाही. लोबेराशिवाय गोवा शून्य, असं ते म्हणाले, तेव्हा तुम्ही चिडून उठून गेलात. चिडायच्या ऐवजी तुम्ही त्यांना क्लिफर्ड मिरांदाचं नाव सांगायला हवं होतं. लोबेराला काढल्यावर उरलेले तीन सामने कुणाच्या हाती दिले? डेम्पोच्या तालमीत वाढलेल्या क्लिफर्डच्या, सोबतीला डेरिक परेरा. हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल. एवढ्या मोक्याच्या वेळी ड्रेसिंग रूम हातची जाऊ न देणं हे सोपं काम नव्हतं. साखळीत अव्वल राहून गोव्यानं शील्ड घेतली, आणि त्या शील्डमुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा ठरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये अल रय्यानला आणि अल वहदाला त्यांनी गोलशून्य बरोबरीत रोखलं, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियानं आधी गोल मारला. तेव्हा प्रशिक्षक होता हुआन फेरांदो, आणि तोही त्याच वर्षीच्या डिसेंबरात हंगाम अर्ध्यावर टाकून कोलकात्याला गेला. रिकामी खुर्ची पुन्हा कुणी सांभाळली? डेरिक परेरांनीच.

लोबेरानं पंधरा सामने उभे केले, क्लिफर्डनं तीन तडीस नेले. शील्ड दोघांची आहे. माझा निकाल एवढाच.

याच्यापुढची गोष्ट मला जास्त जाळते. २०२३ च्या एप्रिलमध्ये कोझिकोडला ओडिशानं बंगळूरुला २-१ नं हरवून सुपर कप जिंकला. तो संघ तात्पुरता क्लिफर्डकडे होता. पुढच्या हंगामाला मुख्य प्रशिक्षक म्हणून तिथे कोण आलं? लोबेरा. यात लोबेराचा काही दोष नाही. त्याला बोलावलं, तो आला. पण आपल्या माणसाकडे संघ सोपवायचा तो फक्त अडचणीत, ही आपल्या फुटबॉलची खोड आहे. आपण ओट्यावर चार तास एका स्पॅनिश माणसाच्या इमानाबद्दल भांडलो, आणि क्लिफर्डचं नाव एकदाही कुणाच्या तोंडी आलं नाही. तुमच्याही नाही, जिभाऊ.

तुमच्या रावेरच्या शेतात तुम्हीच मला दाखवलं होतं. घड दिलेलं केळीचं झाड गेलं तरी बुडाशी राखलेल्या पिलावर पुढची बाग उभी राहते. लोबेराच्या गोव्यात बुडाशी क्लिफर्ड होता. क्लबनं आणि चाहत्यांनीही पिलबाग धरली नाही. लोबेराबद्दल माझी तक्रार असलीच तर ती इथे आहे. त्याचा खेळ जाहू, फॉल, बुमूस अशा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांवर उभा होता, आणि ती माणसं उठली की घर रिकामं व्हायचं. मोठ्या प्रशिक्षकाकडून मी याहून जास्त मागतो. तरी तो मोठाच.

हे सगळं मला इतकं का लागतं ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी पांझरा नदीच्या अलीकडे मी दहा-बारा पोरांना घेऊन चेंडू खेळवतो. इथे क्रिकेटशिवाय दुसरं काही चालत नाही, गोलच्या जागी आम्ही विटा मांडतो. त्यातला एक मला विचारत होता, सर, आपल्याकडचा माणूस मोठ्या संघाचा प्रशिक्षक होतो का? मी त्याला खालिद जमीलचं नाव सांगितलं. २०१६-१७ मध्ये त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टात ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. मग आर्मांदोंचं, डेरिकचं, क्लिफर्डचं नाव सांगितलं. तो म्हणाला, हे तर टीव्हीवर कधी दिसत नाहीत.

म्हणून दोन गोष्टी मागतो. लोबेरा ज्या कुठल्या संघाला घेऊन फातोर्ड्याला येईल तेव्हा शिट्ट्या मारू नका. त्यानं तुम्हाला अडीच वर्षं आनंद दिला, आणि जाताना दार त्यानं आपटलेलं नाही. दुसरं, दिवाळीला देवपूरला याल तेव्हा एक संध्याकाळ माझ्या पोरांना द्या. तुम्ही डेम्पोला प्रत्यक्ष पाहिलंय, आर्मांदो बाजूला उभे राहून कसे ओरडायचे ते तुम्हाला आठवतं. मी ऐकीव सांगतो, तुम्ही पाहिलेलं सांगा.

काकूंना नमस्कार. उत्तर लिहा, भांडण असलं तरी लिहा.

तुमचा,
पुतण्या