एक जूनचे जहाज

माणसाला कोणत्या वयात कसला नाद लागेल, याचा काही नेम नाही. मी बालाघाटच्या डोंगराळ मुलखातला मास्तर. पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात माझे निम्मे उन्हाळे गेले. समुद्र पाहिला तो आयुष्यात दोनदा, आणि तोही किनाऱ्यावर उभा राहून. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर जुन्या जहाजांचा नाद लागावा, हे आमच्या घरच्या मंडळींना अजून पटलेले नाही.

पण लागला खरा. परदेशांतल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी आपल्याकडची चित्रे आणि छायाचित्रे आता कुणालाही पाहायला मोकळी ठेवली आहेत. लंडनमधल्या ग्रिनिचचे सागरी संग्रहालय रात्री जेवणखाण आटोपले की माझ्या खाटेवर, माझ्या मोबाइलमध्ये येऊन बसते. चित्राशेजारी बहुधा एक टिपण असते: अमुक तारखेला हे जहाज पाण्यात उतरले, तमुक तारखेला लढले, तमुक तारखेला बुडाले. मी एक कोरी राहिलेली रोजनिशी घेतली आणि ज्या तारखेचे जहाज सापडेल ते त्या पानावर टिपू लागलो. आमच्या घरी या वहीला ‘जहाजांचे पंचांग’ म्हणतात. कोण म्हणते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

या वहीचा सुगावा शाळेत लागला आणि मुलांना नवा खेळ मिळाला. आपल्या वाढदिवसाचे जहाज कोणते? १२ ऑक्टोबरची एक मुलगी भलतीच भाग्यवान निघाली. १८१७ साली त्या दिवशी मुंबईत, वाडियांच्या गोदीत, मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरले. आणि दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. आपल्या मुंबईचे जहाज म्हटल्यावर तिची मान आठवडाभर ताठ होती. उलट १० ऑगस्टच्या वाट्याला आले स्वीडनच्या राजाचे ‘वासा’. १६२८ साली पहिल्याच सफरीला निघाले, मैलभरही गेले नाही, वाऱ्याचा झोत येताच कलंडले आणि बंदरातच बुडाले. तो पोरगा हिरमुसला. मग मी त्याला पुढची हकीकत सांगितली: ३३३ वर्षांनी, १९६१ साली, ते सगळेच्या सगळे वर काढले. चिखल गाळत वर येणाऱ्या त्या जहाजाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा कुठे त्याची कळी खुलली.

आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “गुर्जी, माझं? एक जून.”

एक जून! आमच्या भागात या तारखेची माणसे मोजू गेलो तर दमछाक होईल. ज्याची जन्मवेळ कुणी टिपून ठेवली नाही, त्याला गुरुजींनी बहाल केलेली ही तारीख. शाळा जूनमध्ये भरते. एक जूनला मूल सहा वर्षांचे धरले की हिशेब सरळ. माझ्या वडिलांचीही हीच तारीख. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, तेवढ्यावर त्यांच्या गुरुजींनी ती लिहून टाकली आणि वडील त्याच तारखेवर पेन्शनीत निघाले. त्या गुरुजींना मी पुष्कळदा हसलो आहे. पण या पोरीची तारीख मीच लिहिली होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीवरून परतलेली टोळी. आईबापांपाशी कागद एकही नव्हता. आईला विचारले, तर ती बिचारी आठवून आठवून सांगत होती, “कारखान्यात मोळी पडली, अन् वीसेक दिसांनी फडातच झाली बघा ही.” मी मान डोलावली आणि एक जून लिहिले. मोळी पडते दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे पोर नोव्हेंबरातली. नोव्हेंबर लिहायला शाई काही जास्त लागली नसती. पण माझ्यामागे आणखी चौघे उभे होते, आणि हाताला वळण पडलेले होते.

रात्री वही उघडली. एक जूनचे पान कोरेच होते. शोधायला बसलो आणि चकित झालो. १७९४ साली या दिवशी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली. लढायांना नाव पडते ते जवळच्या गावाचे नाहीतर भूशिराचे. ही झाली भर अटलांटिकात, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर. नाव द्यायला जमीनच नाही! म्हणून इंग्रजांनी तिला तारखेचेच नाव दिले, ‘गौरवाचा एक जून’. गंमत अशी की समोरच्या फ्रेंचांच्या लेखी तो एक जून नव्हताच. राज्यक्रांतीनंतर त्यांनी पंचांगच बदलले होते. त्यांच्या हिशेबी ती होती दुसऱ्या वर्षातली १३ प्रेरिआल. बरे, इंग्रजी जहाजांवरचा दिवस तरी आपल्यासारखा असावा? तोही नाही. त्या काळी तो आदल्या दुपारी बाराला सुरू होई. किनाऱ्यावर ३१ मेची दुपार, आणि जहाजावर एक जून लागलेला. म्हणजे लिहिणाऱ्याच्या लहरीप्रमाणे तारीख बदलणे हा काही आम्हा मास्तरांचाच गुन्हा नव्हे, असे म्हणून मी घटकाभर समाधान करून घेतले.

या लढाईत ‘ब्रन्सविक’ आणि ‘व्हान्जर’ ही दोन जहाजे एकमेकांत अशी अडकली की तोफांच्या खिडक्या उघडायला जागा उरली नाही. इंग्रजांनी आपल्याच खिडक्यांची झाकणे तोफांनी उडवून मारा केला. व्हान्जर अखेर बुडाले. पॅरिसमध्ये आवई उठली की सगळे खलाशी जयघोष करीत जहाजाबरोबर तळाला गेले. वस्तुतः शेकडो माणसे वाचली होती. आणि त्यांना पाण्यातून वर घेतले ते शत्रूच्याच होड्यांनी. त्यांत खुद्द व्हान्जरचा कप्तानही होता.

ग्रिनिचच्या संग्रहालयात लुथरबर्ग नावाच्या चित्रकाराने १७९५ साली काढलेले या लढाईचे बाराएक फूट रुंद चित्र आहे. दुसऱ्या दिवशी मी ते पोरीपुढे धरले. मागे धूर, फाटकी शिडे, तोफांचा जाळ. आणि अगदी पुढे, लाटांमध्ये, मोडक्या लाकडांना धरून लोंबकळणारी माणसे. पोरीने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “यातलं माझं कोणतं?”

मी मोठ्या जहाजाकडे बोट दाखवले. त्यावर सेनापती होता. तिने मान हलवली आणि बुडत्यांना ओढून घेणाऱ्या होडीवर बोट ठेवले. “हे घेते मी.” आणि मग, जरा थांबून, “पण गुर्जी, मी तर थंडीत झाले. आई म्हणती, पाचट पेटवून शेकलं मला.”

वर्ग ऐकत होता. मी “हो” म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

दसरा झाला आणि टोळ्या निघाल्या. तालुक्याच्या दुकानातून त्या चित्राची छापील प्रत करून आणली होती. ती तिने चार घड्या घालून दप्तरात ठेवली आणि ट्रॅक्टरवर चढली. तारीख दुरुस्त करायला काय काय कागद लागतात, याची चौकशी मी चालवली आहे. पण दुरुस्त करून लिहायची कोणती, हा प्रश्न आहेच. तिची आई परत येईल ती उन्हाळ्यात. तिच्या जन्माच्या साली त्या कारखान्यात मोळी कधी पडली, तेही विचारायला हवे.

तोवर मी रोज रात्री नोव्हेंबरची पाने चाळतो. २१ तारखेला शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ आहे. १९१५ साली दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात चिरडून बुडाले. ते मी टिपले आणि घाईने पान उलटले. २२ तारखेला, १८६९ साली, स्कॉटलंडमध्ये ‘कटी सार्क’ पाण्यात उतरली. चहा वाहणारी, वाऱ्यासारखी पळणारी, आणि आजही ग्रिनिचला दिमाखात उभी असलेली. हे तिला आवडेल म्हणून मी त्या पानाच्या कोपऱ्यात तिचे नाव लिहिले. मग लक्षात आले, पुन्हा मीच तारीख ठरवू लागलो होतो. खोडरबर शोधले आणि ते नाव पुसून टाकले.