डिपच्या नळीखाली

पेट्रोल पंपावर रोज सकाळी डिप घेतात. झाकण उघडायचं, डिपरॉड नळीतून खाली सोडायचा, बुडाला टेकला की वर काढायचा आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. वर्षानुवर्षं तीच नळी, तीच जागा. जुनी टाकी जमिनीतून वर आली की मी आधी तीच जागा बघतो.

यंदा मार्चमध्ये हमरस्त्यावरच्या एका बंद पंपाची डिझेलची टाकी हायड्रा क्रेनने उचलून बाजूला ठेवली. वीस हजार लिटरची, वरून धडधाकट. नळीच्या बरोबर खाली मात्र वाटीएवढा खळगा आणि मधोमध हरभऱ्याएवढं भोक. टाकीच्या तळाशी थोडं पाणी साचतंच, त्याने गंज धरतो. रॉडचं टोक रोज तो खरवडतं, आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून तिथे एक जादा जाड पत्रा जोडायचा असतो. या टाकीला तो नव्हता. रोजची घट थोडी, हिशेबात बसून जायची.

शेजारच्या पेट्रोलच्या टाकीला आम्ही दोन दिवस हात लावला नव्हता. टाकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला, हा समज माणसं मारतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड, बुडाशी दडून बसते. वाफ मोजायच्या मीटरची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून तिन्हीकडे शून्य दिसल्याशिवाय मी कुणाला आत उतरू देत नाही. तळाचा गाळही वेगळा भरून घेतो. 2000 सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं असायचं. जुन्या गाळात ते अजून सापडतं. तो गाळ घातक कचऱ्याच्या केंद्रातच जायला हवा.

खरं काम खड्ड्यात असतं. तिथे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही, तासाभरात नाक मरतं. मातीचा नमुना पिशवीत बांधून उन्हात ठेवायचा आणि मग आतली हवा मीटरने तपासायची. काळी माती डिझेल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. खाली मुरूम, त्याखाली भेगाळ कातळ. त्यातून तेल कुठल्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही. पलीकडच्या शेतातल्या मावशी दोन वर्षं सांगत होत्या, पाण्याला रॉकेलचा वास येतो. कुणी मनावर घेतलं नाही. टाकी काढायला पैसे निघतात, मातीसाठी निघत नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

इथे मातीसाठीही पैसे निघाले. उपसलेली माती जाड प्लॅस्टिकवर पसरली, त्यात शेणखत आणि थोडा युरिया मिसळला. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच. त्यांना हवा, ओल आणि नत्र लागतं. आठवड्याला माती परतायची, पावसात झाकायची. गेल्या आठवड्यात त्यातली थोडी माती कुंडीत भरून मेथी पेरली. वीस दाण्यांतले अकरा उगवले, पानं जरा पिवळी आहेत. अजून दोन महिने तरी परतावी लागेल.