आकाशातील अग्निरेषा

2 एप्रिल 2022 हा दिवस मला चांगला आठवतो. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि संध्याकाळी रमजानचा चाँद पाहायचा होता. अकोल्यातील आमच्या मोहल्ल्यात सारे लोक गच्चीवर जमले होते. शेजारच्या काकूंनी सूर्यास्ताला गुढी उतरवली आणि आम्हांला श्रीखंड दिले. थोड्याच वेळात पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसली. सगळीकडे "चाँद मुबारक!" सुरू झाले.

पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून एक पेटता गोळा येताना दिसला. त्याच्यामागे लांब शेपटी होती. पाहता पाहता त्याचे तुकडे झाले. ते एकामागून एक पूर्वेकडे चालले होते. आवाज मात्र मुळीच नव्हता. कोणी ओरडले, "विमान पेटले!" कोणी म्हणाले, "बॉम्ब आहे!" दादीने माझा हात घट्ट धरला आणि ती दुआ पुटपुटू लागली.

भाईजान मात्र शांतपणे आकडे मोजत होते. तीसपर्यंत मोजले, तरी उजेड दिसतच होता. ते म्हणाले, "ही उल्का नसावी. उल्का म्हणजे अवकाशातून येणारा दगड. तो एका सेकंदात 11 किलोमीटरहून अधिक वेगाने हवेत शिरतो, तापून पेटतो आणि बहुधा काही सेकंदांतच विझतो. हे तर सावकाश चालले आहे. हा रॉकेटचा किंवा उपग्रहाचा तुकडा असेल."

पुढे बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक मोठे कडे पडले होते. त्याचा व्यास सुमारे 3 मीटर होता. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चीनने 2021 साली सोडलेल्या रॉकेटचा तो भाग असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. इस्रोचे शास्त्रज्ञही ते तुकडे पाहून गेले.

बातमी ऐकून दादी म्हणाली, "आकाशातला दगड अल्लाहच्या मर्जीने पडतो. पण हे तर माणसाने वर फेकले होते. खाली कोणाचे घर आहे, हे फेकणाऱ्याने पाहायला नको का?"

दादीचे म्हणणे मला पटले. आजही जुन्या रॉकेटांचे आणि उपग्रहांचे हजारो तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत. काम संपलेले रॉकेट मोकळ्या समुद्रात पाडता येते. त्यासाठी त्यात थोडे इंधन राखून ठेवावे लागते. लाडबोरीसारख्या गावांतील माणसांच्या जिवापुढे एवढा खर्च काहीच नाही.