औषध कुणाचं?

आपल्या मराठीइतकी सोज्वळ भाषा जगात दुसरी नसेल. ती विषालासुद्धा विष म्हणत नाही, औषध म्हणते. उंदराचं औषध, झुरळाचं औषध, ढेकणांचं औषध, भातावर मारायचं औषध. एखाद्या उंदराने कुणा वैद्याला नाडी दाखवल्याचे ऐकिवात नाही, तरी त्याचे औषध वाण्याकडे मिळते आणि त्याला चिठ्ठी लागत नाही. ज्याचे औषध त्याच्याच पोटात जाते तोवर भाषेचा हा विनय कुणाला नडत नाही. नडतो तो रात्री साडेनऊला, शेजारच्या घरातून किंकाळी येते तेव्हा. "अहो, पोराने औषध प्यायलं!"

आता पोराने औषध प्यायले ही बोंब मारण्याची गोष्ट की शाबासकी देण्याची? ते कळायला पुढचा प्रश्न विचारावा लागतो, कुणाचं औषध? या एका प्रश्नावर ज्यांचा सगळा व्यवसाय चालतो अशी माणसे जगात आहेत. त्यांचे पहिले केंद्र अमेरिकेत शिकागोला 1953 साली निघाले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये 1995 साली राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झाले. तिथे रात्रंदिवस फोन उचलतात. काय पोटात गेलं, किती गेलं, केव्हा गेलं, माणसाचं वय काय, वजन काय, आत्ता तो कसा आहे, एवढे विचारतात आणि मग काय करायचे, आणि मुख्य म्हणजे काय करायचे नाही, ते सांगतात.

आमच्या अंबरनाथच्या इमारतीत असे केंद्र त्याच्याही आधीपासून आहे. फरक इतकाच, की आमच्या केंद्रात प्रश्न विचारत नाहीत, थेट उत्तरे देतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू चिंचेच्या पाण्याच्या. काहीही होवो, चिंचेचं पाणी. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क मिठाच्या पाण्याचे. उलटी काढल्याशिवाय त्यांना फाईल बंद केल्यासारखे वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावर दूध-तूप पक्ष आहे. एक गृहस्थ तर कच्च्या अंड्याचे आहेत. ते शाकाहारी घरातसुद्धा अंडे घेऊनच धावतात. एकाच पोराला चारही पक्षांचे उपचार मिळाले, तर मूळ विषाला पोटात जागा उरणार नाही.

आणि आमचा हा पट्टा पाहता केंद्राला काम कमी नाही. अंबरनाथची एके काळची ख्याती काड्यापेट्यांची आणि दारूगोळ्याच्या कारखान्याची. पुढे एमआयडीसी आली आणि रसायने आली. बदलापूरला पूर्वी घोडे बदलत म्हणून ते बदलापूर, असे सांगतात. आता तिथे भाताची खाचरे बदलून टॉवर झाले आहेत, पण खाचरातल्या सापांना कुणी पर्यायी जागा दिलेली नाही. ते बिचारे अजून जुन्या पत्त्यावरच राहतात. 3 जून 2021 च्या रात्री साडेदहाच्या सुमारास बदलापूरच्या एमआयडीसीतून वायुगळती झाली आणि माणसे डोळे चोळत, खोकत रस्त्यावर आली. त्याआधी 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीत कुणी रसायन ओतले, त्याच्या वाफेने उल्हासनगरात कितीतरी माणसे इस्पितळात दाखल झाली. त्या रात्री "कुणाचं औषध?" या प्रश्नाला उत्तर द्यायला टँकरवाला काही थांबलेला नव्हता.

राहता राहिले उल्हासनगर. त्याची अडचण निराळी आहे. विष माहिती केंद्राची माणसे हटकून सांगतात, बाटलीवरचे लेबल वाचा. आणि उल्हासनगरच्या लेबलाची कीर्ती काय सांगावी! 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद एव्हाना इतका जुना झाला आहे की तोही कुणीतरी तिथेच बनवला असावा.

याच लेबलाने आमच्याकडे एकदा गंमत केली. उल्हासनगरच्या बाजारातून नातवासाठी दप्तर आणले होते. वय वर्षे अडीच, शाळा अजून लांब, पण दप्तर आले. रात्री सूनबाई पाहते तो चिरंजीव दप्तरात बसलेले, हातात फाटकी पुडी आणि तोंडात कुरकुर आवाज. पुडीवर कवटी आणि 'डू नॉट ईट'.

कवटीचं एक बरं आहे, तिचा अर्थ मोठ्यांना बरोबर कळतो आणि पोरांना मुळीच कळत नाही. पिट्सबर्गच्या डॉक्टरांना 1971 साली हेच आढळले. तिथल्या पोरांना कवटी म्हणजे चाचे वाटत, आणि गावच्या बेसबॉल संघाचे नावच मुळी पायरेट्स! शेवटी त्यांनी विषाच्या बाटलीवर जीभ बाहेर काढलेला, तोंड वाकडे केलेला हिरवा चेहरा चिकटवला. आमच्या नातवाच्या मते कवटी ही कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत राहते. ती पुडीवर भेटल्याने त्याला आनंदच झाला असावा.

पाच मिनिटांत चारही पक्ष आमच्या घरात हजर. काकूंच्या हातात चिंचेच्या पाण्याची वाटी, हेडक्लार्कांच्या हातात मीठ. मुलाने मात्र शहाणपणा करून दिल्लीला फोन लावला होता आणि स्पीकर सुरू केला होता. पलीकडे एक बाई, आवाज एकदम शांत. जणू भाजीचा भाव विचारावा तसे त्यांनी विचारले, "पुडी पे क्या लिखा है?"

"मेड इन यूएसए," मुलगा गडबडून म्हणाला.

"और?"

और काय ते सांगितल्यावर बाईंनी पुसले, गोळ्या पांढऱ्या की निळ्या? पांढऱ्या. खोकतोय का? घशात अडकल्यासारखं वाटतंय? नाही. वजन किती?

इथे आमच्या सौभाग्यवतींनी हरकत घेतली. "पोराचं वजन दिल्लीला कशाला सांगायचं? दृष्ट लागते!"

"साडेबारा किलो," सूनबाईने दृष्टीची पर्वा न करता सांगून टाकले.

बाई म्हणाल्या, हे सिलिका जेल आहे, वाळूचा भाऊ. सामान दमट होऊ नये म्हणून घालतात. विषारी नाही, भीती एवढीच, की लहान पोराच्या घशात अडकेल. पाणी पाजा आणि झोपवा. निळ्या गोळ्यांत कधी कोबाल्ट असतं, म्हणून रंग विचारला. मग जरा थांबून, "और कुछ पिलाया तो नहीं?"

कुणी बोलेना. सगळ्यांच्या नजरा काकूंच्या वाटीकडे गेल्या. काकूंनी वाटी पदराआड घेतली.

यातली पुढची मजा दुसऱ्या दिवशी कळली. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक सिस्टर राहतात. सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत त्यांची तीस वर्षे गेली. त्या रात्री त्या ड्यूटीवर होत्या. सकाळी हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत. हेडक्लार्कांना म्हणाल्या, "मिठाचं पाणी दिलं असतंत ना, तर पोराला खरोखर माझ्याकडे आणावं लागलं असतं." लहान मुलाच्या रक्तात मीठ चढले तर ते त्यानेच दगावू शकते. आणि रॉकेल प्यायलेल्या पोराला उलटी करवली तर वर येणारे रॉकेल फुप्फुसात शिरते. पोटात होते तोवर बरे होते म्हणायची पाळी येते. "विषानं आलेला पेशंट एकवेळ सोपा," सिस्टर म्हणाल्या, "विष आणि शेजारी दोन्ही घेऊन आलेला कठीण."

सिस्टरांच्या दारावर विष माहिती केंद्राची पाटी नव्हती, पण अंबरनाथ-बदलापूरकडून निघालेली रिक्षा शेवटी त्यांच्याच पुढ्यात थांबायची. साप चावलेला माणूस आला की बरोबर निम्मे गाव आणि बऱ्याचदा सापही. पूर्वी मारून पिशवीत आणत, एकदा पिशवीतला मेलेला नव्हता. आता मोबाईलवर फोटो आणतात. त्यात मुख्यतः गवत असते. पण सिस्टरांचा भरवसा सापावर नसून काचेच्या नळीवर. चावलेल्याचे थोडे रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे हलवायचे नाही. गोठले नाही तर घोणस-फुरशासारख्याचे विष भिनले, लस सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची फसवते. ही वीस मिनिटे नातेवाईक ओरडत असतात, "सिस्टर नुसत्या उभ्या आहेत, काही करत नाहीत!" आणि सिस्टर खरोखरच नुसत्या उभ्या असतात. इतके अवघड काम मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

भातावरचे औषध पोटात गेलेल्याचा प्रकार उलटा. तिथे उभे राहायला सवड नाही. ॲट्रोपीनच्या डझनांनी अँप्यूल फोडायच्या, दर थोड्या वेळाने छाती ऐकायची, डोळ्याची बाहुली बघायची, नाडी मोजायची. कमी पडले तर माणूस स्वतःच्याच फेसात गुदमरतो, जास्त झाले तर हवेतले धागे पकडत बडबडतो. "रात्रभर मापात ठेवायचं, बस," सिस्टर म्हणतात. बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात आणि मग महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचू चावलेल्यांच्या उशाशी अशाच रात्री काढल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने कितीतरी माणसे वाचवली. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सिस्टरांनी आमच्याकडे पेढे आणले. त्यांची ओळख वगैरे काही नव्हती.

हे ॲट्रोपीन आपल्या धोतऱ्यातही असते. धोतरा महादेवाला वाहतात आणि आमचा महादेव तर शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, त्याच वालधुनीच्या काठी. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावे लागते. हलाहल प्यायलेला देव तो, आणि ते खाली उतरू नये म्हणून पार्वतीने त्याचा गळा धरून ठेवला, अशी कथा सांगतात. तिने चिंचेचं पाणी दिल्याचा उल्लेख नाही. सिस्टरांना ही कथा फार पसंत आहे.

गेल्या महाशिवरात्रीला रांगेत त्या आमच्या पुढे होत्या. त्यांच्या पुढे एक बाई, कडेवर मूल, मुलाच्या मुठीत काटेरी धोतऱ्याचे फळ, आणि फळ तोंडाच्या वाटेवर. सिस्टरांनी अलगद ते काढून घेतले. "हे देवाचं रे राजा. त्याला चालतं, तुला नाही." मूल रडू लागले. आई वळून बघू लागली. सिस्टरांनी एका हाताने पोराच्या ओठांवरून बोट फिरवून बघितले, आणि अगदी ड्यूटीवरच्या आवाजात विचारले,

"वजन किती हो याचं?"